नुकसानभरपाईच्या चेकवर १०९९-मिस्क आला, तर काय करायचं?

दोन वर्षांपूर्वी आमच्या रस्त्यावर गॅसची लाइन बदलायचं काम चालू होतं. खोदकाम करणाऱ्या कंत्राटदाराच्या यंत्राने आमच्या घरातून मुख्य गटाराकडे जाणारा पाइप फोडला आणि माती आत जाऊन तो चोंदला. संध्याकाळी मी बेसमेंटचा दिवा लावला तेव्हा जमिनीवर चार बोटं काळं पाणी होतं. शीटरॉक जमिनीपासून दोन फुटांपर्यंत कापून काढावा लागला, लाकडी जमीन उखडली, ट्रेडमिल आणि सोफा-बेड कचऱ्यात गेले. खालच्या ट्रंकेत आईची पैठणी होती. तिची जर काळी पडली. तिचे पैसे मी मागितलेच नाहीत, काय मागणार?

कंत्राटदाराने चूक मान्य केली आणि तीन महिन्यांत १२,४४० डॉलरचा चेक दिला. ते प्रकरण संपलं असं आम्ही धरून चाललो होतो. पुढच्या जानेवारीच्या शेवटी टपालात एक पाकीट आलं, त्यात १०९९-मिस्क, म्हणजे वर्षभरात कुणाला किती पैसे दिले हे देणारा अमेरिकेच्या आयकर खात्याला (आयआरएस) कळवतो तो फॉर्म. तिसऱ्या चौकोनात, म्हणजे 'इतर उत्पन्न' या खणात, १२,४४०. आमच्या २२ टक्क्यांच्या टप्प्याने त्यावर सुमारे २,७३७ डॉलर फेडरल कर झाला असता. घर आमचं खराब झालं, ते पूर्वीसारखं करायला पैसे मिळाले, आणि त्यातलेच पावणेतीन हजार सरकारला द्यायचे!

त्यानंतर मंडळाच्या ओळखीत हेच दुखणं घेऊन मला चार-पाच जण भेटले. कुणाचं कुंपण ट्रकने पाडलं होतं, कुणाच्या छतावर शेजारच्या बांधकामाचं सामान पडलं होतं. फॉर्म मात्र प्रत्येकाकडे सारखाच, आणि घाबरून केलेल्या चुकाही सारख्याच. हे सगळं अमेरिकेत कर भरणाऱ्यांसाठी आहे.

आधी घोळ कुठे होतो ते

चेक देण्याआधी कंपनी तुमच्याकडून डब्ल्यू-९ (नाव, पत्ता आणि करदाता क्रमांक देण्याचा फॉर्म) भरून घेते. तिच्या हिशेबखात्यात तुमचं नाव पुरवठादार म्हणून चढतं. वर्षाअखेरीस ते सॉफ्टवेअर मर्यादेवरच्या सगळ्या रकमा उचलतं आणि ज्यांना दुसरा खण सापडत नाही त्या तिसऱ्या चौकोनात टाकतं. तुमची रक्कम पगार होती, बक्षीस होतं की फुटलेल्या पाइपची भरपाई, हे तिथे कुणी पाहत नाही. फॉर्म न दिल्यास दंड कंपनीला होतो आणि जास्तीचा दिल्यास तिला फारसा त्रास होत नाही, त्यामुळे 'देऊन टाका' हाच कल असतो. वास्तविक १०९९-मिस्कच्या आयआरएसच्या सूचनांतच म्हटलं आहे की भांडवल भरून काढणारी भरपाई कळवायची नाही. इमारत अर्धवट सोडणाऱ्या बांधकाम-कंत्राटदाराने ग्राहकाला दिलेली भरपाई हे त्यांनीच दिलेलं उदाहरण आहे.

ज्या रकमेपासून फॉर्म द्यावा लागतो ती मर्यादा २०२५ पर्यंतच्या रकमांसाठी ६०० डॉलर होती. १ जानेवारी २०२६ पासून दिलेल्या रकमांसाठी ती २,००० डॉलर झाली आहे. त्यामुळे लहान भरपायांवर हे फॉर्म कमी होतील, आमच्यासारख्या मोठ्यांवर येतच राहतील. स्वतःच्या घराच्या विम्याकडून पैसे आले तर सहसा हा फॉर्म येत नाही. समोरच्या पक्षाने थेट पैसे दिले की येतो.

फॉर्म म्हणजे देणाऱ्याने केलेलं विधान आहे. कराचा निर्णय त्यात नसतो. रक्कम करपात्र आहे की नाही हे ती कशाच्या बदल्यात मिळाली यावर ठरतं. अमेरिकन न्यायालयांनी हा प्रश्न १९४४ च्या रेथिऑन खटल्यातच असा मांडला होता: भरपाई कशाच्या जागी दिली गेली? पगाराच्या जागी दिलेली असेल तर ती पगारासारखी. बुडलेल्या भाड्याच्या जागी असेल तर भाड्यासारखी. घराच्या मोडतोडीच्या जागी असेल तर तुमचंच भांडवल तुम्हाला परत मिळालं.

तुमच्या रकमेत काय काय आहे?

इथे घाई करू नका. 'सगळं करमुक्त' हेही तितकंच चुकीचं असू शकतं. आमचे १२,४४० मी सेटलमेंटच्या पत्रावरून असे फोडले: बेसमेंटची दुरुस्ती ९,८६०, सामान २,०८० आणि 'गैरसोयीबद्दल' ५००.

घराची दुरुस्ती आधी घेऊ. आयआरएसचं ४३४५ क्रमांकाचं छोटं प्रकाशन आहे, सेटलमेंटवरच्या कराबद्दल. त्यात स्पष्ट आहे की मालमत्तेची किंमत घटल्याबद्दल मिळालेली रक्कम तिच्या अ‍ॅडजस्टेड बेसिसपेक्षा कमी असेल तर ती करपात्र नाही. बेसिस म्हणजे घराची खरेदी किंमत, अधिक त्यात केलेल्या कायमच्या सुधारणा, वजा आधी घेतलेला घसारा (मालमत्ता जुनी होण्यापोटी दरवर्षी मिळणारी वजावट) वगैरे. आम्ही घर घेतलं ३,८५,००० ला, नंतर बेसमेंट फिनिश करायला २८,००० घातले. बेसिस ४,१३,०००. स्वतः राहत्या घरासाठी जमीन, इमारत, सुधारणा मिळून सगळं एकच धरतात, म्हणून ९,८६० ची तुलना नुसत्या बेसमेंटशी नाही तर ४,१३,००० शी करायची. प्रश्नच मिटला.

पण याची दुसरी बाजू लोक विसरतात. मिळालेल्या भरपाईएवढा बेसिस खाली येतो, आणि घर पूर्ववत करायला जो खर्च केला त्याने तो परत वर जातो. आम्ही ९,८६० मिळवले आणि दुरुस्तीवर ९,८६० पेक्षा थोडे जास्तच घातले, म्हणून बेसिस खाली आला नाही. ज्यांनी चेक घेतला, कुंपण तसंच पडकं ठेवलं आणि पैसे बँकेत टाकले, त्यांनाही आज कर नाही. मात्र त्यांचा बेसिस तेवढ्याने कायमचा कमी झाला, आणि घर विकताना तो हिशेबात येईल.

सामानाचं गणित वेगळं आहे. इथे प्रत्येक वस्तू स्वतंत्र. ट्रेडमिल १,१५० ला घेतला होता, मिळाले ९००. सोफा-बेड ८४० चा, मिळाले ७००. गालिचा ६०० चा, मिळाले ४८०. तिन्ही ठिकाणी खरेदी किंमतीपेक्षा कमी, म्हणून कर नाही. पण समजा तोच ट्रेडमिल मी कुणाच्या गराज सेलमधून १५० ला आणला असता आणि नव्याच्या भावाने ९०० मिळाले असते, तर ७५० चा नफा झाला असता. तसा नफाही लगेच करात येईलच असं नाही. अमेरिकन कर कायद्याच्या कलम १०३३ प्रमाणे त्याच कामाची वस्तू मिळालेल्या पूर्ण रकमेची किंवा त्याहून जास्त किमतीची, ज्या करवर्षात नफा झाला ते संपल्यापासून दोन वर्षांच्या आत घेतली, तर नफा पुढे ढकलता येतो. राहतं घर संघीय जाहीर आपत्तीत गेलं असेल तर ही मुदत चार वर्षांची असते.

आता ते ५०० डॉलर. 'गैरसोयीबद्दल' म्हणून मिळालेले पैसे कुठल्या मालमत्तेच्या जागी आलेले नाहीत. ते करपात्र, आणि मी ते तसेच दाखवले. ११० डॉलर कर पडला. उशिरा दिल्याबद्दलचं व्याज, दंडात्मक भरपाई आणि बुडालेलं भाडं यांचंही तसंच. जे खरोखर उत्पन्न आहे ते मान्य केलेलं असलं की उरलेल्या रकमेबद्दलचं तुमचं म्हणणं कागदावर जास्त भक्कम दिसतं. मला हे मनापासून वाटतं.

घर भाड्याने दिलेलं असेल तर वरचं सगळं थांबवा आणि जपून चाला. तिथे साडेसत्तावीस वर्षांच्या हिशेबाने घसारा घेतलेला असतो, बेसिस बराच खाली आलेला असतो. दुरुस्तीचा खर्च शेड्यूल ई वर (रिटर्नमधला भाड्याच्या उत्पन्नाचा तक्ता) वजा केला असेल आणि त्याच दुरुस्तीचे पैसे समोरच्याने दिले असतील, तर दोन्हीकडून फायदा घेता येत नाही. मागच्या वर्षी वजावट घेतली आणि या वर्षी भरपाई आली, तर जेवढ्या वजावटीने कर वाचला तेवढी रक्कम या वर्षी उत्पन्नात येते. भाड्याच्या घरासाठी सीपीएला (परवानाधारक हिशेबतज्ज्ञाला) पैसे द्या, ते वसूल होतात.

पहिला उपाय: फॉर्मच दुरुस्त करून घ्या

यात वेळेला फार महत्त्व आहे. कंपनीने तुमची प्रत ३१ जानेवारीपर्यंत द्यायची असते, पण आयआरएसकडे ती कागदावर २८ फेब्रुवारीपर्यंत आणि इलेक्ट्रॉनिक असेल तर ३१ मार्चपर्यंत जाते. म्हणजे पाकीट हातात पडलं तेव्हा कदाचित आयआरएसकडे अजून काहीच गेलेलं नाही. त्याच आठवड्यात लिहिलंत तर ते मूळ फॉर्मच बदलू शकतात. नंतर लिहिलंत तर त्यांना वर 'दुरुस्त' या चौकोनात खूण करून नवा फॉर्म भरावा लागतो, आणि मग त्यांचा उत्साह कमी होतो.

ज्याने तुमचा क्लेम हाताळला त्याला हे पत्र पाठवू नका, त्याला यातलं काही माहीत नसतं. कंपनीच्या अकाउंट्स पेएबल किंवा टॅक्स विभागाला पाठवा. पत्र एका पानाचं असू द्या: क्लेम क्रमांक, चेकची तारीख, रकमेची फोड, आणि ही रक्कम मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई असून अ‍ॅडजस्टेड बेसिसपेक्षा कमी आहे हे एक वाक्य. सोबत सेटलमेंटचं पत्र आणि दुरुस्तीचं बिल. फॉर्म पूर्ण रद्द करा असं मी मागितलं नाही. तो ५०० चा करा असं मागितलं. ५०० हा आकडा मर्यादेखालीच होता, पण खोटं मागायचं नाही हे मी ठरवलं होतं.

आम्हाला चेक देणाऱ्या कंपनीने उत्तर दिलं नाही. दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा 'आमच्या सिस्टीमप्रमाणे बरोबर आहे' एवढंच ऐकायला मिळालं. असं झालं तर फेब्रुवारी संपल्यावर आयआरएसला ८००-८२९-१०४० वर फोन करून चुकीच्या १०९९ ची तक्रार नोंदवता येते. ते कंपनीला पत्र पाठवतात. त्याने काम होईलच असं नाही, पण तुम्ही प्रयत्न केला याची नोंद राहते. फोनची तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचा बिल्ला क्रमांक लिहून ठेवा.

दुसरा उपाय: दाखवा आणि तिथेच वजा करा

फॉर्म बदलला नाही तर दोन टोकाच्या चुका होतात. एक, फॉर्म फाडून टाकणे. कायद्याने पाहिलं तर करपात्र नसलेली ही भरपाई रिटर्नवर दाखवायची सहसा गरज नाही, असं ते ४३४५ प्रकाशनच सांगतं. पण आयआरएसचं यंत्र कायदा वाचत नाही. ते कंपनीकडून आलेला आकडा तुमच्या रिटर्नवर शोधतं, आणि सापडला नाही की वर्ष-दीड वर्षाने आकडे जुळत नाहीत असं सांगणारी सीपी २००० नोटीस येते. भारतात आयकर खात्याच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात एखाद्या नोंदीपुढे 'हे उत्पन्न करपात्र नाही' असा अभिप्राय देता येतो. इथे तसं बटण नाही. तुमचा रिटर्न हाच तुमचा अभिप्राय.

दुसरी चूक म्हणजे मुकाट्याने भरून टाकणे. आमच्या ओळखीच्या एका काकांनी हेच केलं होतं. कुंपणाचे ६,२०० डॉलर त्यांनी उत्पन्नात धरले. मी म्हटलं, "अहो काका, हे तुमचं उत्पन्न नव्हतंच." ते म्हणाले, "अगं, पण सरकारकडे फॉर्म गेला ना? मग भरलेलं बरं, उगाच कटकट नको." या वयात कटकट नको वाटणं मला समजतं. पण त्या एका आकड्याने त्यांच्या सोशल सिक्युरिटीचा (सरकारी निवृत्तिवेतनाचा) करपात्र भागही वाढला होता. मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स या फॉर्मने रिटर्नमध्ये दुरुस्ती करता येते. आम्ही एका रविवारी बसून ती केली आणि सोबत कुंपणवाल्याचं बिल जोडलं.

मधला मार्ग असा. १०४० या मुख्य रिटर्नच्या शेड्यूल १ या पुरवणीवर ओळ ८-झी आहे, इतर उत्पन्नाची. तिथे १०९९ वरची पूर्ण रक्कम लिहा आणि कंपनीचं नाव द्या. त्याच ओळीखाली दुसरी नोंद उणे चिन्हाने करा. तिथे इंग्रजीत एवढंच लिहायचं की ही मालमत्तेच्या नुकसानीची करमुक्त भरपाई असून १०९९-मिस्कमध्ये चुकून दाखवली आहे. माझ्या रिटर्नवर १२,४४० आले, उणे ११,९४० आले, उरले ५००. यासाठी आयआरएसने नेमलेली अशी खास ओळ नाही, पण कर भरून देणारे अनेक जण हाच मार्ग वापरतात. यात यंत्राला त्याचा आकडा सापडतो आणि माणसाने उघडून पाहिलं तर कारणही तिथेच दिसतं.

सॉफ्टवेअरमध्ये एक सापळा आहे. १०९९-मिस्क टाकला की ते विचारतं, हे पैसे कामाबद्दल मिळाले का, तुमच्या नेहमीच्या व्यवसायासारखं काही आहे का, पुन्हा मिळणार आहेत का. प्रत्येक ठिकाणी 'नाही'. एक चुकीचं 'हो' गेलं की रक्कम शेड्यूल सी वर (स्वतःच्या व्यवसायाच्या उत्पन्नाचा तक्ता) उडी मारते आणि आयकराशिवाय १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार करही चढतो. शेवटी छापील १०४० उघडून शेड्यूल १ डोळ्यांनी पाहा, शेड्यूल सी तयार झालेलं नाही ना हेही पाहा. कंपनीने मिस्कऐवजी १०९९-एनईसी पाठवला असेल तर मात्र दुरुस्तीचा पाठपुरावा सोडू नका. तो फॉर्म सरळ म्हणतो की तुम्ही त्यांचं काम केलं.

राज्याचा रिटर्न वेगळा तपासा. आमचं न्यू जर्सी फेडरल एजीआयवरून (ठरावीक वजावटींनंतर उरणाऱ्या एकूण उत्पन्नावरून) सुरुवात करत नाही, ते प्रत्येक प्रकारचं उत्पन्न आपापल्या खणात विचारतं. फेडरलवर केलेली वजाबाकी तिथे आपोआप गेली असेल असं धरू नका.

सीपी २००० आलीच तर

हे बिल नव्हे. आयआरएस म्हणतंय की आमच्याकडचा आकडा आणि तुमचा आकडा जुळत नाही, आमचा प्रस्ताव असा आहे. उत्तराची तारीख पहिल्या पानावर असते, साधारण तीस दिवसांची. 'मला मान्य नाही' यावर खूण करा, सही केलेलं एका पानाचं निवेदन आणि कागद जोडा: सेटलमेंटचं पत्र, दुरुस्तीची बिलं, आधीचे-नंतरचे फोटो, घराच्या क्लोजिंगचा (खरेदी पूर्ण झाल्याचा) कागद आणि बेसिसची चार ओळींची बेरीज. कंपनीला लिहिलेल्या पत्राची प्रतही टाका. टपालाने पाठवलंत तर सर्टिफाइड मेलने पाठवा. आयआरएसच्या संकेतस्थळावरून कागद चढवण्याचीही सोय आहे.

गप्प बसलात तर पुढे ९० दिवसांची नोटीस येते आणि मग कर आधी न भरता वाद घालायचा तर त्या मुदतीत टॅक्स कोर्टात जावं लागतं. तिथेही तुमची बाजू अगदी लंगडी नसते. १०९९ वरच्या आकड्याबद्दल तुम्ही वाजवी हरकत घेतली असेल आणि आयआरएसला पूर्ण सहकार्य दिलं असेल, तर कलम ६२०१ (डी) प्रमाणे नुसत्या त्या फॉर्मवर विसंबून भागत नाही, आयआरएसला आणखी पुरावा द्यावा लागतो.

पुढच्या वेळी सही करण्याआधी

डब्ल्यू-९ द्यायला नकार देऊ नका. दिला नाही तर कंपनी २४ टक्के कापून ठेवू शकते. पण डब्ल्यू-९ सोबतच मेल पाठवा आणि सेटलमेंटच्या पत्रात तीन ओळी घालायला सांगा: स्थावर मालमत्तेच्या नुकसानीबद्दल इतके, वस्तूंबद्दल इतके, बाकी इतके. आमच्या पत्रात ही फोड होती म्हणून मी वाचले. 'सर्व दाव्यांपोटी एकरकमी' एवढंच लिहिलेलं पत्र असेल तर कोणता पैसा कशाचा हे नंतर तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. त्या घटकेला ओल्या बेसमेंटच्या वासात आपल्याला फक्त चेक हवा असतो, मला माहीत आहे. तरी तेवढा एक मेल लिहा.

भरपाई दोन हप्त्यांत आणि दोन वर्षांत येणार असेल तर फॉर्मही दोन येतील. प्रत्येक वर्षी तीच वजाबाकी त्या वर्षाच्या आकड्याने करायची. दोन्ही मिळून बेसिस ओलांडत नाहीत ना, हे दुसऱ्या वर्षी पाहायचं.

आणि ही फाइल तीन वर्षांनी फेकू नका. मी ती घराच्या क्लोजिंगच्या कागदांतच ठेवली आहे. भरपाई किती आली आणि दुरुस्तीला किती गेले हे घर विकताना बेसिससाठी पुन्हा लागणार, म्हणून घर विकल्याचा रिटर्न भरून तीन वर्षं होईपर्यंत ती तिथेच राहील.